मेलेली बाई उठते तेव्हा

माझा मुलगा नाटकं लिहितो. त्याची आई गेली, तर त्यानं तिच्यावरच नाटक लिहिलं. शेवटी आई खाटेवर मरते आणि पडदा पडतो. मग पडदा पुन्हा वर जातो, ती नटी खाटेवरून उठते, पदर झटकते आणि लोकांना हात जोडते. हिचीही उठताना पदर झटकायची सवय होती. मी प्रत्येक प्रयोगाला जायचो ते तेवढ्यासाठी. बाकी नाटकात रडारड फार, ती मला झेपत नाही.

आता पोरगा सिनेमे लिहितो. नाव झालं, चांगलंच आहे. त्या नाटकाचाही सिनेमा केला, नटी तीच. शेवटी ती मेली, पडद्यावर नावं सरकायला लागली, दिवे लागले, लोक चपला शोधत उठले. मी बसूनच.

"आबा, चला. संपलं."

"थांब की. ती उठायचीय अजून."

"सिनेमात नाही उठत हो कुणी."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. लोक म्हणतात, सिनेमात माणूस कायमचा राहतो. राहत असेल. माझी त्यात कायमची गेली.

काल पोराला सरळ म्हटलं, "सिनेमे लिही, पण ते नाटक परत लाव."

"आबा, सगळ्यांनी सिनेमा पाहिलाय. नाटकाला येणार कोण?"

"मी येईन. उशीर झाला तरी चालेल मला, शेवटाला पोचलो म्हणजे झालं."