घरात बूट घालणारी नात

आमच्या घराचा एकच कायदा आहे, बूट-चपला दाराशी. बाकी काहीही करा, सोफ्यावर पाय घ्या, टीव्ही मोठ्याने लावा, पण बूट घालून कार्पेटवर पाऊल टाकलंत तर गाठ माझ्याशी आहे. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये, प्लंबर आला तरी मी त्याला दारातच पायात चढवायच्या निळ्या पिशव्या देते. आणि आमचे हे तर माझ्या वरताण. आयुष्य गाड्यांच्या कंपनीत गेलं, रिटायर झाल्यावर हाताला चाळा उरला नाही. तेव्हापासून घरी पाहुणे आले की दाराशी पडलेला बुटांचा ढीग उचलायचा आणि गराजमधल्या रॅकवर साइजप्रमाणे लावायचा, हा त्यांचा उद्योग. निघताना लोक बूट शोधत गराजभर फिरतात. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांनी थट्टा करून झाली, यांच्यावर ढिम्म परिणाम नाही.

अशा त्या घरात गेल्या उन्हाळ्यात माझी नात दिवसभर बूट घालून वावरत होती. आणि माझ्यासारखी नाकावर राग असलेली बाई तिला एका शब्दाने बोलली नाही.

ती राहते फिनलंडला. पाळण्यात होती तेव्हा माझी मुलगी आणि जावई तिला घेऊन तिकडे गेले. मी केवढं भांडले होते! इथे जन्मलीस, इथे शिकलीस, आईवडील इथे, आणि त्या टोकाला कोण आहे तुमचं? बर्फात गाडून घ्यायला निघालात का? मुलगी म्हणाली, "आई, बर्फ तर मिशिगनमध्येही आहे. पण इथे कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर म्हणून बालवाडीतल्या पोरांना दिवे बंद करून टेबलाखाली गप्प बसायला शिकवतात. माझ्या मुलीने ते शिकायला नको." मी मुलांची डॉक्टर होते. शाळेत ते ड्रिल झालं की त्या आठवड्यात पोटदुखीची पोरं किती यायची ते मला माहीत होतं. पोटात काही नसायचं बिचाऱ्यांच्या.

तर मुलगी ज्याला भिऊन गेली, तेच तिकडे झालं. एका सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि मुलीचा फोन आला. "आई, ती सापडली. बरी आहे." मला ती हरवल्याचंच माहीत नव्हतं. मग टीव्ही लावला तेव्हा समजलं. नातीच्या शाळेत गोळीबार झाला होता. शेजारच्या एका वर्गातलं एक मूल गेलं. आणि बंदूक घेऊन आलेलंही त्याच शाळेतलं मूल होतं. माझी नात वाचली म्हणून जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्या दोन घरांतल्या आया डोळ्यांपुढे आल्या. चहा तसाच आटून गेला.

सुट्टी लागल्यावर मायलेकी आमच्याकडे आल्या. जावई कामासाठी मागे राहिले. दारात मी नातीला पोटाशी धरलं आणि सवयीने माझी नजर खाली गेली. पायात निळे बूट, नाड्यांना गाठीवर गाठ. तिच्या डोक्यावरून मुलीने मला मान हलवून खूण केली, काही बोलू नकोस.

सकाळी उठवायला गेले तर पांघरुणातही बूट. अंघोळीपुरते काढायची, तेव्हाही ते बाथरूमच्या दाराला चिकटून. तिकडच्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, जबरदस्ती करू नका. का घालतेस विचारलं तर म्हणायची, "असंच." इथली आपली पोरं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात. ही मात्र घडाघडा मराठी बोलते, कारण त्यांच्या घरात तीच भाषा. पण या एका गोष्टीवर तोंडाला कुलूप.

मला वाटलं, मला निदान सापडलं. त्यांच्याकडे शाळेत बूट बाहेर व्हरांड्यात काढून ठेवतात आणि मुलं वर्गात मोज्यांवर बसतात. त्या दिवशी ही सगळी पोरं मोज्यांवरच उरल्यासुरल्या बर्फात पळाली होती. म्हणजे पुन्हा पळावं लागलं तर, याची भीती. सरळ आहे, असं मी मुलीला ऐटीत सांगितलंसुद्धा.

मुलीचं मात्र काही सरळ नव्हतं. इथून जवळच ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत एक नोकरी तिला मिळण्यासारखी होती. परत जायचं की इथेच राहायचं, ठरत नव्हतं. "तिला त्या इमारतीत परत कशी पाठवू, आई?" म्हणायची. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला दोघी इथेच हव्या होत्या. मी रोज काहीतरी चावी फिरवत होते. आज पुरणपोळी, उद्या लायब्ररी, परवा शेजारची नातीच्या वयाची मुलगी. एकदा तर इथली शाळा दाखवायलाही घेऊन गेले. तिथली बाई फार गोड होती हो. तिने आम्हाला दुहेरी दारं दाखवली, वर्गाला आतून लागणारं कुलूप दाखवलं, आणि कौतुकाने म्हणाली की आमची मुलं ड्रिलमध्ये अगदी तरबेज आहेत. नातीने सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. गाडीत बसल्यावर तिने आईला विचारलं, "इथे पण?" मी उगाच एसी वाढवला.

तरीही मला ती इथेच हवी होती.

अशात यांच्या मनात आलं, सत्यनारायण घालू या. नात सुखरूप आहे म्हणून. मी उखडलेच. "देवाने हिला वाचवलं म्हणता, मग त्या दुसऱ्या लेकराला का नाही वाचवलं?" हे म्हणाले, "ते मला नाही कळत गं. मला फक्त कुणाचे तरी आभार मानायचेत." यावर कुणाला चिडता येतं? मी रवा भाजायला घेतला.

रविवारी सकाळी माणसं आली. दाराशी बुटांचा हा ढीग. गुरुजी म्हणजे आमच्याच ओळखीतला एक सॉफ्टवेअरवाला, शनिवार-रविवार पूजा सांगतो. नात जिन्याच्या मधल्या पायरीवर बूट घालून बसली होती. एक काकू, मनाने चांगली पण जिभेला हाड नाही, तिला म्हणाली, "अगं बाळा, देवासमोर बूट घालतात का?" मी ताम्हन हातात घेऊन तिथूनच ओरडले, "देवाला चालतंय! तुला काय त्रास आहे?" गुरुजी पुढचा मंत्र विसरले.

कथा झाली, आरती सुरू झाली. माझ्या मुलीने एकदम माझं मनगट घट्ट धरलं. पाहते तर नात खालच्या पायरीवर बसून नाड्या सोडत होती. सावकाश, एकेक गाठ. मोजे काढून बुटांत खोचले, बूट पायरीच्या कडेला नीट ठेवले, आणि अनवाणी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिच्या हातात झांज दिली. तिचे ते पांढरेफटक पडलेले पाय बघून मला इतका आनंद झाला की आरतीचं एकच कडवं मी दोनदा म्हटलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

प्रसाद वाटला. तिने शिरा दोनदा मागून घेतला. मग वाटी ठेवायला वळली आणि जागच्या जागी थांबली. पायरीपाशी बूट नव्हते. दाराशी ढीगही नव्हता. आणि गराजच्या दारातून आमचे हे हात झटकत, खुशीत आत येत होते. "झालं सगळं लावून!"

"अहो, काय करून बसलात!" मी एवढ्या जोराने ओरडले की यांचा चेहराच पडला. त्यांना उमगलं तोवर पोरगी मागच्या काचेच्या दारातून बाहेर गेली होती.

लॉनच्या पार टोकाला, कुंपणापाशी, पाय फ्रॉकखाली घेऊन ती गवतात बसली होती. रडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं. मी पैठणीसकट तिच्याजवळ बसले. माझे गुडघे असे कडाकडा वाजले की एरवी ती हसली असती.

"आजोबांनी मुद्दाम नाही केलं गं," मी म्हटलं. "त्यांना बूट दिसले की राहवत नाही. आणतील आता."

"माहितीये," ती म्हणाली. मग बराच वेळ गवत उपटत राहिली. "आजी, मी हात सोडला."

"कुणाचा?"

"मैत्रिणीचा."

मग ती बोलायला लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मध्ये तोंड घातलं नाही. टीचरने मैदानाकडचं दार उघडलं आणि म्हणाली, पळा. हिने शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा हात धरला होता. दारापर्यंत दोघी आल्या. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, आपले बूट राहिले, आणि उलट व्हरांड्याकडे वळली. "मी तिला ओढलं. ती येईना. मग मी हात सोडला आणि पळाले. मागे बघितलंच नाही, आजी." मैत्रिणीला बऱ्याच वेळाने पोलिसांनी बाहेर आणलं. तिला काही लागलं नव्हतं. पण ती नंतर शाळेत आलीच नाही, आणि हिने कधी फोन केला नाही. "आमच्या पायात बूट असते तर ती परत गेली नसती. आता माझ्या पायात नेहमी असतात. म्हणजे माझ्यासाठी कुणाला थांबावं लागणार नाही."

म्हणजे माझं निदान साफ चुकलं होतं. पोर पळायच्या तयारीत नव्हतीच. एवढंसं ओझं नव्हतं ते, आणि इतके महिने ती एकटीच वाहत होती. तुझी काही चूक नाही, हे तिला तिकडच्या मोठ्या माणसांनी शंभरदा सांगितलं असणार. मी ते पुन्हा सांगितलं नाही.

"तिला फोन करू या," मी म्हटलं.

"नको. ती रागावली असेल."

"रागावू दे. रागावलेल्या बाईशी कसं बोलायचं ते तुझ्या आजोबांना विचार, जन्मभर तेच करतायत."

आजोबा तेवढ्यात आलेच होते. दोन्ही हातांत तिचे बूट धरून, लांबच उभे होते. "पिल्ला, चुकलो," म्हणाले. तिने बूट घेतले. घातले नाहीत, मांडीवर ठेवले. माझी मुलगी फोन घेऊन आली. तिकडे तेव्हा संध्याकाळ होती.

फोनवर भुऱ्या केसांची, चष्मा लावलेली मुलगी दिसली. आमची काहीतरी पुटपुटली, त्यांच्या भाषेत. मला एक अक्षर कळेल तर शपथ. ती समोरची एकदम उठून गेली, पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची. आमच्या पोरीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं, मी नको तो शहाणपणा केला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात लाल रंगाचे बर्फातले बूट होते. ते तिने कॅमेऱ्यासमोर धरले. माझी नात हुंदका द्यावा तशी ओरडली. माझी मुलगी तोंडावर हात ठेवून मला सांगत होती, "आई, ते हिचे आहेत. ती म्हणतेय, मी तुझेपण घेतले होते. कपाटात लपले तेव्हा दोन्ही जोड माझ्याकडेच होते. बाहेर आल्यावर तुला शोधत होते, तुझे पाय गार पडले असतील म्हणून. तू दिसली नाहीस. मला वाटलं, मी उशीर केला म्हणून तू रागावलीस."

मग दोघी एकदम बोलायला लागल्या. रडत होत्या, मध्येच हसत होत्या. हे कुंपणाला टेकून डोळे पुसत होते. मी यांचा हात धरला, काचेच्या दारातून बघणाऱ्या सगळ्या मंडळींच्या देखत, काय म्हणायचं ते म्हणा.

शेवटी त्या मुलीने काहीतरी विचारलं आणि आमची बोलायची थांबली. "विचारतेय, शाळा उघडली की येशील का," माझी मुलगी हळूच म्हणाली. "म्हणतेय, तू आलीस तर मीपण जाईन."

नातीने आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. महिनाभर मी काय काय चाव्या फिरवत होते, ते त्या पोरीला सगळं कळलेलं होतं.

"आजी, मी जाऊ?"

माझं सगळं अंग नको म्हणत होतं. "जा," मी म्हटलं. "आजीची काळजी करू नकोस. तुझी मैत्रीण वाट बघतेय तुझी." एवढं मला धडपणे बोलता आलं. मग मी माझ्या लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले.