बैलाच्या पाठीवरची मिरची

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात माझं कासरे, वेसणी आणि घुंगरांचं दुकान आहे, आणि माझ्या शेजारी हनुमंत बैल सजवतो. शिंगं तासायची, रंगवायची, अंगावरच्या केसांत कात्रीनं नक्षी काढायची, हे त्याचं काम. पण खरा हुन्नर वेगळाच. व्यापारी कुठले तरी दोन बैल आणून उभे करत आणि म्हणत, "हन्या, जोडी कर." मग हनुमंत दोघांची शिंगं एका मापाची करी, एकच नक्षी दोघांवर काढी, आणि सकाळपर्यंत एकमेकांचं तोंडही न पाहिलेले बैल संध्याकाळी सख्खे भाऊ म्हणून विकले जात. गिऱ्हाईकही खूश. जोडी दिसली म्हणजे झालं, पटतं की नाही ते बैल बघून घेतील. आपल्याकडं लग्नंसुद्धा याच हिशोबानं होतात.

हनुमंताचंही तसंच झालं, आणि लग्नाचे सगळे फोटो एका पाहुण्याच्या मोबाईलबरोबर विहिरीत गेले. भिंतीवर एकही फोटो नाही म्हणून त्याच्या बायकोनं, दिपालीनं, वर्षानुवर्षं त्याचं डोकं खाल्लं आणि अखेर त्याला श्रीरामपूरला सूर्यभान फोटोग्राफरकडं नेलं.

सूर्यभान म्हातारा माणूस. हसा म्हणत नाही, मान तिरकी करा म्हणत नाही. खुर्चीत बसवतो आणि गप्पा मारत राहतो. दिपाली म्हणाली, "काढा की लवकर, यष्टी जाईल आमची."

"ताई, मानूस खुर्चीत आधी येतो, तोंडावर मागून येतो. येऊ द्या त्यांना."

तेवढ्यात रस्त्यानं एक बैल गेला. हनुमंत सगळं विसरून त्याच्या शिंगांकडं बघायला लागला, दिपाली 'यांना कुठं न्यायची सोय नाही' अशा नजरेनं नवऱ्याकडं बघायला लागली, आणि म्हाताऱ्यानं बटण दाबलं. फोटो हातात आला तेव्हा दिपाली आधी चिडली, मग बराच वेळ बघत राहिली. "व्हय, असेच हाओत आपन," म्हणाली.

झालं. आमच्या हनुमंताच्या डोक्यात कला शिरली. पुढच्या बाजाराला तो कात्री घेऊन बैलासमोर नुसताच बसला. मी विचारलं, "काय रे, उपास हाय का आज?"

"नाना, बैल अजून तोंडावर आला न्हाई."

मी कपाळावर हात मारला. बैलाचं तोंड बैलाच्या पुढंच असतं, हे श्रीरामपूरला जाऊन तो विसरून आला होता.

समोरचे दोन बैल आबासाहेबांचे. आबासाहेब आमच्या बाजारातले बडे व्यापारी, आणि हनुमंताची चूल बहुतेक त्यांच्याच कामावर पेटते. त्यांनी जोडी करायला सांगितली होती. हनुमंत दुपारपर्यंत बसला आणि मग त्यानं जे केलं, ते आमच्या बाजारात आजवर कुणी केलेलं नाही. एक बैल तापट, माश्यांशीसुद्धा भांडायचा. त्याच्या पाठीवर त्यानं मिरची कातरली आणि हिंगुळानं लाल केली. दुसरा उभ्या उभ्या डुलक्या घेणारा. त्याच्या पाठीवर खाट कातरली. शिंगं दोघांची आपापल्या वळणावर सोडून दिली.

बाजार पोट धरून हसला. आबासाहेब तेवढे हसले नाहीत. "आरं, मला बैल इकायचेत, त्यांच्या कुंडल्या न्हाई मांडायच्या. ही जोडी गेली न्हाई, तर तू दुसरा धंदा बघ."

संध्याकाळ होत आली तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही. हनुमंताचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात पाथर्डीकडचं एक ऊसतोडीचं जोडपं आलं, सहादेव आणि राहीबाई. त्यांना गाडीला बैल हवे होते. सहादेव दात बघत होता. राहीबाईनं पाठी बघितल्या आणि पदर तोंडाला लावला.

"हीच घ्या. खाट म्हंजी तुमी, मिरची म्हंजी मी. आपली गाडी वढतीच हाय की."

सहादेवनं हरकत घेतली नाही, यावरूनच खाट कोण ते सिद्ध झालं. जोडी गेली.

जोडीचे फोटो मोबाईलवर फिरले. पुढच्या बाजाराला आबासाहेब हसतच आले. "समद्यांवर मिरची काढ. लोकं इचारत्यात. खाट नको."

"पन मालक, ह्यो बैल लई गरीब हाय."

"मग दोन मिरच्या काढ."

हनुमंतानं काढल्या. घर चालवायचं होतं. बघता बघता गोगलगाईलाही वाट देणाऱ्या बैलांच्या पाठीवर मिरचीचं पीक आलं. आबासाहेबांनी स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत हनुमंताला जागा दिली, नावापुढं 'पशुकलारत्न'. फक्त चांगला फोटो काढून आण म्हणाले.

तो फोटोसाठी पुन्हा श्रीरामपूरला निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो. हनुमंत नवा शर्ट घालून खुर्चीत बसला. सूर्यभान गप्पा मारत राहिला. चहा आला, कप रिकामे झाले. रस्त्यानं एक देखणा बैल गेला. मी वळून बघितलं. हनुमंतानं मान हलवली नाही, कॉलर बिघडली असती.

म्हाताऱ्यानं कॅमेऱ्यावर झाकण लावलं. "आज ऱ्हाऊ द्या. तुमी आला न्हाईत."

"ह्यो काय बसलोय की."

"शर्ट आलाय."



त्यानंतरच्या बाजाराला आबासाहेबांनी एक बैल आणून बांधला. इतका शांत, की त्याच्या पाठीवर कावळा झोपला असता. "तिखट कर," म्हणाले. हनुमंतानं कात्री उचलली, बैलासमोर बसला, आणि बसूनच राहिला. फ्लेक्स छापायला द्यायचा होता, आबासाहेबांना घाई होती.

"आरं, कुनाची वाट बघतोस?"

"माझी," हनुमंत म्हणाला.

आबासाहेबांनी कासरा सोडला आणि बैल पलीकडच्या कारागिराकडं नेला. फ्लेक्सवर आता त्या कारागिराचा फोटो आहे. इतके दिवस मी हनुमंताला हसत होतो, त्या दिवशी काही मला हसू आलं नाही.