माळवदावरचे टमाटे

हेमावतीला आनंद झाला की तिला एका जागी बसवत नसे. हातातलं काम टाकून ती उठायची, टाळी वाजवायची आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात संपवायची. तिचं माहेर होटगीच्या पलीकडच्या एका लहान गावातलं. वडिलांच्या विहिरीवर वांगी, मिरच्या, टोमॅटो पिकायचे, आणि ही पोर परकराचा ओचा खोचून दिवसभर चिखलात. लग्न होऊन ती सोलापुरात आली ती चन्नवीरच्या घरी. गल्लीच्या तोंडाशी त्याचं किराणा दुकान, मागं दोन खोल्या आणि वर मातीचं सपाट माळवद. अंगण नाही, परस नाही. नखात माती नाही म्हणून पहिलं वर्षभर तिला करमत नव्हतं.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. श्रावण गेला, भादवा आला, आभाळ पांढरंफटक. नळाला पाणी यायचं ते पहाटे थोडा वेळ, आणि तेही रोज नाही. अशा दिवसांत हेमावतीचा भाऊ माहेरच्या विहिरीवरचे शेवटचे टोमॅटो घेऊन आला. विहीर तळाला गेली होती.

"ह्यापुढं काय न्हाय बघ अक्का," तो म्हणाला.

हेमावतीनं त्यातला सगळ्यांत लालभडक टोमॅटो चिरलाच नाही. बी काढून राखेत चोळलं, फडक्यावर वाळवलं आणि नारळाच्या करवंटीत पेरलं. रोपं वीतभर झाल्यावर फुटक्या मडक्यांत लावून माळवदावर नेली.

सोलापूरचं ऊन ते. दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या. हेमावती तांदूळ धुतलेलं पाणी वर न्यायची, भडाभडा ओतायची. पाणी मडक्यातून खाली आणि खालून माळवदात. आठवडाभर हे चाललं आणि एका सकाळी तिच्या सासूच्या, काशम्माच्या, उकळत्या आमटीत वरून मातीचा एक ओला गोळा पडला.

काशम्मा कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेली, गुडघ्यांनी बेजार पण आवाजानं खणखणीत बाई. डाव हातात धरून ती छताकडं बघतच राहिली.

"पाऊस न्हाय पडला गावात," ती म्हणाली, "आन् आमचं माळवद गळायलंय! गल्लीत कुनाला सांगू? माणसाला प्यायला पाणी न्हाय, हिचं झाड आंघोळ करतंय दिवसातनं दोनदा! उद्यापास्नं थेंब वर न्यायचा न्हाय, सांगून ठेवते."

"व्हय अत्ती," हेमावती म्हणाली. सासूला ती माहेरच्या सवयीनं अत्तीच म्हणायची. खाली मान घालून तिनं आमटी ओतून दिली, पण जीव वर माळवदावर.

दुसऱ्या दिवशी नळ आला. घरातली भांडी, घागरी, बादल्या सगळं भरून झालं. घाईघाईत चन्नवीरचा पंचा हेमावतीनं बादलीच्या काठावर टाकला, एक टोक पाण्यात, एक बाहेर लोंबतं, आणि ती भाकऱ्या थापायला बसली. भाकऱ्या होईस्तोवर मोरीतून काशम्माचा आवाज आला.

"कुनी पंचा टाकला हितं? अर्धी बादली वाहून गेली की गं बाई!"

हेमावती पीठभरल्या हातांनी धावली. फरशीवर पाण्याचा ओहोळ. पंच्याचं बाहेरचं टोक चिंब, आणि त्यातून थेंब पडतोय, मग दुसरा, मग तिसरा. सासू बोलत होती ते तिच्या कानांत शिरेना. काठाला चढून पाणी बाहेर येतंय! कुणी ओतत नाही, कुणी हलवत नाही, कापड आपलं आपण पाणी ओढतंय! काशम्मानं पंचा उचलून पिळला, तर हेमावतीनं तो तिच्या हातातून घेतला आणि परत बादलीत टाकला.

"काय करायलीस गं?" काशम्मा ओरडली. "येड लागलं का?"

"अत्ती, नोडरी! बघा की, बघा! वर चढतंय पाणी!"

"चढतंय आन् घराबाहेर चाललंय!"

"घराबाहेर न्हाय हो, झाडात जाईल!" हेमावतीनं टाळी वाजवली, पीठ उडालं सासूच्या लुगड्यावर, आणि पुढचं सगळं कन्नडात. काशम्मालाही कन्नड चांगलं येत होतं, पण त्या दिवशी तिला त्यातलं अवाक्षर कळलं नाही.

भाकऱ्या तशाच टाकून हेमावती दुकानात गेली. चन्नवीर गिऱ्हाईकाला गूळ फोडून देत होता. "मला तुपाचा डबा पायजे," ती म्हणाली. "मोठा. रिकामा."

"कशाला?"

"तोंड कापून द्या. आत्ता."

चन्नवीर शांत माणूस. बायकोचे डोळे असे चकाकले की प्रश्न विचारून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वनस्पती तुपाच्या डब्याचं तोंड कापून कडा ठोकून दिल्या. हेमावतीनं डब्यात तळाला भाजी धुतलेलं पाणी भरलं. मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यातून सुताची जाड वात ओवली, तिचं एक टोक मातीत रोपाच्या मुळांपाशी आणि दुसरं खाली लोंबतं. मग मडकं डब्याच्या तोंडात असं बसवलं की बूड पाण्याच्या वर अधांतरी राहावं आणि वात तेवढी पाण्यात बुडावी. रोपाला तहान लागेल तेवढं पाणी वातीनं चढेल, आणि एक थेंब माळवदावर सांडणार नाही. सूत तिनं शेजारच्या नरसम्माकडून आणलं होतं. नरसम्माच्या घरी माग, दिवसभर खटखट चालायची, आणि तुटक्या सुताचे गुंते कोपऱ्यात पडलेले असायचे.

सकाळी हेमावती वर धावली आणि मडक्यात बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत. डब्यातलं पाणी होतं तिथंच.

ती पायरीवरच बसली. पंचा ओढतो आणि सूत का ओढत नाही? पंचाही सुताचाच की! ती वात उपसून तशीच नरसम्माच्या दारात गेली. मागावरून न उतरताच नरसम्मानं वात बोटांत चोळली आणि हसायला लागली. घरात तेलुगू बोलणारी बाई, तिच्या मराठीलाही तोच हेल.

"अगं हेमक्का, ह्याला खळ हाय ना! मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतो आमी, तुटू नये म्हनून. पानी कसं पिईल ते? तोंड बंद हाय त्याचं. सोडा टाकून उकळ, मग बघ."

हेमावतीनं सूत सोड्यात उकळलं, पिळलं, पुन्हा उकळलं. कडक सूत कापसासारखं मऊ पडलं. वात वळली, भिजवली, ओवली. त्या दिवशी ती दुपारपर्यंत कशीबशी थांबली आणि भर उन्हात पाय पोळत वर गेली. मातीत बोट घातलं. ओल! खोलवर, गार, माहेरच्या वाफ्यासारखी ओल!

"ओ! वर या! वर या की लौकर!"

चन्नवीर दुकान सोडून धावला, बरोबर दोन गिऱ्हाइकंही. त्यांना वाटलं कोणी पडलं. वर येऊन बघतात तर ही मडक्यात हात घालून बसलेली, हसतेय.

"बोट घाला," ती म्हणाली.

चन्नवीरनं बोट घातलं. मग एका गिऱ्हाइकानं घातलं. दुसरा म्हणाला, "वैनी, माझ्या म्हातारीला तुळशीसाठी एक करून द्याल का असलं?"

खालून काशम्मा ओरडत होती, "काय झालं? कुनी सांगंल का न्हाय?" पण गुडघ्यांमुळं ती जिना चढत नसे, आणि वरच्या आनंदात तिला सांगायचं राहूनच गेलं. ती दिवसभर फुगून बसली.

डबे वाढत गेले. पाणी मात्र घरातलं वापरलेलंच, तांदळाचं, डाळीचं, भाजीचं, आणि तेही डबा रिकामा होईल तेव्हाच. काशम्माला बोलायला जागा उरली नाही, तरी ती बोलायचीच.

तुळशीचं लग्न लागलं आणि हेमावतीच्या त्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. घराला कुलूप लावून सगळ्यांना जायचं होतं. निघताना हेमावतीनं डबे मडक्यांच्या बुडापर्यंत भरले, पाणी उडू नये म्हणून कडेच्या फटींत फडकी कोंबली, आणि प्रत्येक रोपाला हात लावला. लग्नघरात ती नाचली, गायली, पण जरा उसंत मिळाली की विचारायची, "आज ऊन लई हाय का?" वडील म्हणाले, "पोरी, मडक्यातलं झाड ते. न्हाय टिकायचं. जीव लावू नको." ज्यांचं सगळं आयुष्य मातीत गेलं त्यांनीच असं म्हटल्यावर तिला कधी एकदा घरी पोचते असं झालं.

हळदीची घाई, पूजा, पाहुणे, असं करत परतायला बरेच दिवस लागले. स्टेशनवरून टांगा घराशी थांबला तशी हेमावती उडी मारून उतरली आणि कुलूप निघताच जिन्याकडं पळाली. मागं काशम्मा सामानाशी उभी.

वरून काही आवाज येईना.

"गेली का गं?" काशम्मानं विचारलं. आवाज एकदम नरम झाला होता. "जाऊ दे. पुन्हा लाव."

काशम्मानं इकडंतिकडं बघितलं, भिंतीला हात लावला आणि पहिली पायरी चढली. "अय्यो शिवा," म्हणत दुसरी. चन्नवीर "आई, थांब" म्हणेपर्यंत ती अर्ध्या जिन्यात पोचली होती. कित्येक वर्षांनी तिनं माळवदावर डोकं काढलं.

हेमावती मधोमध उभी होती, दोन्ही हात तोंडावर. भोवती कमरेइतकी हिरवीगार झाडं, आणि शेंड्याशेंड्याला पिवळी फुलं. डब्यांच्या तळाशी थोडंथोडं पाणी अजून शिल्लक होतं. सगळ्या गल्लीची माळवदं पांढरी, भाजलेली, आणि मधे एवढंच हिरवं.

काशम्मा धापा टाकत जवळ आली. तिनं एक पान चुरून नाकाशी नेलं. टोमॅटोच्या पानाचा तो तिखट वास. तिनं पुन्हा हुंगलं.

"हेमव्वा," ती म्हणाली, "ह्यातला एक डबा माझा. माझा वेगळा. तू हात लावायचा न्हाय."

त्या दिवसापासून घरात शर्यत लागली, कुणाचा टोमॅटो आधी लाल होतो याची. काशम्मा रोज सकाळी पूजा आटोपून जिना चढू लागली. चढताना शंकराचं नाव, उतरताना गुडघ्यांना शिव्या. फुलं गळायला लागली तेव्हा दोघीही घाबरल्या. मग काशम्मानंच हळूच डहाळी हलवून बघितली, पिवळी धूळ उडाली, आणि थोड्याच दिवसांत हलवलेल्या फुलांमागं हरभऱ्याएवढे हिरवे मणी दिसले. काशम्मानं ही गोष्ट सुनेला सांगितली नाही. हेमावतीनं ती जिन्याच्या आडून बघितली, आणि काशम्मा झोपली असताना आपली सगळी झाडं हलवून आली.

मणी लिंबाएवढे झाले. हेमावतीचा एक सगळ्या फळांत मोठा, पिवळसर पडू लागलेला. ती दिवसातून कितीदा वर जायची! आणि एका सकाळी वर गेली तर राघूनं तो अर्धा खाल्लेला. तिनं वरूनच अत्तीला हाक मारली. काशम्माला खरं तर जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ती काठी घेऊन वर आली आणि आभाळाकडं बघून राघूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवसापासून दुपारची झोप सोडून ती डोक्यावर पदर घेऊन माळवदावर राखणीला बसली. चार झाडं असोत की दहा, सुनेची की स्वतःची, सगळ्यांची.

पहिला लाल झाला तो काशम्माचाच. तिनं तो तोडला नाही. आधी नरसम्माला हाक मारून माळवदावरूनच दाखवला. "लाल हाय का न्हाय? खरं सांग!"

"लाल हाय, काशम्मा, लाल हाय!" नरसम्मा माग थांबवून बाहेर आली होती.

भोगीच्या दिवसापर्यंत टोपली भरेल एवढे टोमॅटो उतरले. त्या दुष्काळात मंडईतली भाजी सुकलेली, आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी घरात पाहुणे आलेले. हेमावतीनं भोगीच्या भाजीत टोमॅटो घातले, तीळ कुटून घातले, बाजरीची भाकरी केली. काशम्मा पाहुण्यांना वाढता वाढता प्रत्येकाला विचारत होती, "टमाटा लागला का? कसा हाय?" कोणी नुसतं चांगलं म्हटलं तर तिला पुरत नव्हतं. हेमावतीचे वडीलही आले होते. जेवण झाल्यावर ते वर गेले, एका मडक्यात बोट घालून बराच वेळ उकिडवे बसले. मग लेकीला म्हणाले, "ती वात कशी वळलीस, मला दाव."

हेमावती सुताचा गुंता घेऊन बसली. तिनं वात वळली, एकदा चुकली, पुन्हा वळली. वडिलांनी शेजारी बसून तशीच वळली.

पुढल्या वर्षी पाऊस आला, नळाला पाणी आलं, पण डबे हलले नाहीत. गल्लीत ज्याच्या-त्याच्या माळवदावर डबा दिसू लागला. कुणी मिरची लावली, कुणी वांगं. नरसम्माच्या जिन्यात पुदिना. चन्नवीरच्या दुकानात रिकामा डबा म्हणून मिळेना. हेमावतीला दुसऱ्या गल्ल्यांतून बोलावणी यायची. कन्नड घरात कन्नड, मराठी घरात मराठी, दखनी उर्दू बोलणाऱ्या शेजारणींकडं हातवाऱ्यांनी, आणि सगळीकडं पहिलं वाक्य एकच, "आधी सूत उकळा!" काशम्मा बरोबर असायची. ती ओट्यावर बसून राघूचं काय करायचं ते सांगायची.

सत्त्याहत्तर साली चन्नवीरनं कुठूनसं एक मोठं लोखंडी पिंप आणलं. त्या सुमाराला सोलापूरच्या भोवती द्राक्षाच्या बागा वाढत होत्या, आणि हेमावतीच्या डोक्यात द्राक्ष शिरलं होतं.

"द्राक्षाला मांडव लागतो," चन्नवीर म्हणाला.

"घालू की मांडव!" काशम्मा सुनेच्याही आधी बोलली. "माळवद कशाला हाय?"

हेमावतीनं टाळी वाजवली. भाकरी तव्यावर करपत होती. ती आणि काशम्मा पिंपाभोवती फिरत, वात बोटाएवढी जाड वळावी की मनगटाएवढी, यावर दोन भाषांत भांडत होत्या.