मागचा उजवा स्पीकर

गॅरंटीदादा हे नाव घरातल्याच कुणीतरी त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं. ते फिरत फिरत त्यांच्या कानावर आलं तेव्हा राग यायला हवा होता. यांना अभिमान वाटला.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात, आवक-जावक विभागात. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, तारीख घालायची आणि पत्र पुढच्या टेबलाकडे ढकलायचं. आत लिहिलंय काय हे वाचायची गरज नव्हती, आणि गरज नसताना काही करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. कचेरीत त्यांना कुणी काही विचारत नसे. साहेब तर नाहीच, पण चहावालासुद्धा साखर किती ते न विचारता कप आदळून जाई. त्याची सगळी भरपाई ते नात्यागोत्यात करून घेत.

सुरुवात एका पंख्यापासून झाली. आत्याला त्यांनी पंखा निवडून दिला आणि तो बरीच वर्षं न कुरकुरता फिरला. पंखे फिरतातच, त्यात निवडणाऱ्याची कर्तबगारी ती काय? पण आत्या भोळी. चारचौघांत म्हणाली, "काही घ्यायचं झालं ना, तर आमच्या दादाला विचारावं." झालं. तेव्हापासून कुणाकडे नवी वस्तू यायची म्हटली की हे हजर. इस्त्री, मिक्सर, गिझर, गाद्या, काही वर्ज्य नाही. दुकानात शिरताना खिशाला पेन आणि कपाळाला आठ्या. विक्रेत्याने तोंड उघडायच्या आत, "ते सगळं राहू द्या, मोटर कुठली आहे ते सांगा." गादी घेतानाही एकदा त्यांनी हेच विचारलं असं त्यांची बायको सांगते, आणि ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

घेणाऱ्याला काय हवंय, हा प्रश्न मात्र त्यांनी जन्मात कुणाला केला नाही. आपल्याला जे ठाऊक आहे तेच समोरच्याला हवं असतं, अशी त्यांची पक्की समजूत.

अलीकडे सिंहासन डुगडुगायला लागलं होतं. त्याच भोळ्या आत्याच्या गळ्यात त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर मारला होता. तो इतका अवजड की ओढायला दुसरं माणूस हवं. आत्याने तो गॅलरीत नेऊन ठेवला आणि वर कुंडी मांडली. मग चुलतबहिणीने फ्रिज घेतला, तो यांना न विचारताच. यांना कळलं ते तिच्याकडे पाणी मागितल्यावर.

"हा कधी घेतलास?"

"झाला की महिना."

"कुणाला विचारून?"

"नवऱ्याला," ती म्हणाली आणि बर्फाचा खडा ग्लासात टाकून तिने पाणी पुढे केलं. दादांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला.

तेव्हा आता पुढची निवड चुकून चालणार नव्हतं. कचेरीत किंमत शून्य, घरात बायकोपुढे त्याहून कमी. 'दादाला विचारा' एवढीच काय ती त्यांची मिळकत होती, आणि ती हातची चालली होती.

अशा वेळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

तिच्या घरचं दुखणं साधं होतं. सासरे थकलेले. टीव्हीचा आवाज त्यांना यायचा, पण शब्द लागायचे नाहीत. मग ते आवाज चढवायचे, की नुसता कल्ला व्हायचा आणि शब्द होते तेही बुडायचे. नवरा कामावरून आला की बापलेकांची जुंपायची. खालच्या मजल्यावरची बाई काठीने छत ठोकायची. आणि या तिघांच्या मध्ये ही.

"दादा, बाबांना बातम्यांतले शब्द कळले पाहिजेत, एवढंच," ती म्हणाली. "टीव्हीला लावायला एखादा बरा स्पीकर सांग. आणि फार महागातला नको हं, हात जरा आखडता आहे."

याहून सरळ मागणी असू शकत नाही. गॅरंटीदादांनी त्यातला 'स्पीकर' हा शब्द उचलला आणि बाकीची पुढच्या टेबलाकडे ढकलली.

त्यानंतरचे पंधरा दिवस ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. अनोळखी पोरं खोकी उघडून दाखवतात ते व्हिडिओ पाहिले. वॅट, चॅनेल, वूफर हे शब्द तोंडात खेळवायला लागले. जेवताना बायकोला म्हणाले, "खरा बास, म्हणजे खर्जातला घुमारा, छातीत जाणवला पाहिजे."

"तिच्या सासऱ्यांना शब्द ऐकू येत नाहीत म्हणतेय ती," बायको म्हणाली. "त्यांच्या छातीने काय घोडं मारलंय?"

"तुला यातलं कळत नाही."

"मला मराठी कळतं. तेवढं पुरे होतं."

रविवारी दुकानात तिघं गेली, बहीण, मेहुणा आणि हे. दुकानाच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती. भिंतींना जाड कापड, मधोमध गुबगुबीत कोच. अशा खोलीत कुकरची शिट्टीही गोड लागेल. विक्रेत्याने दोन वस्तू दाखवल्या, दोन्ही तिच्या ऐपतीतल्या. एक साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली मावेल अशी लांब पट्टी. दुसरा पाच स्पीकरांचा होम थिएटर संच, शिवाय घुमारा काढणारा डब्याएवढा वूफर.

पट्टीवर त्याने बातम्या लावल्या. रिमोटवर एक बटण होतं. ते दाबल्यावर मागचं संगीत बसलं आणि निवेदिकेचा शब्द न् शब्द सुटा झाला. बहिणीने आवाज कमी करायला सांगितला. अजून कमी. तरी कळत होतं. तिचा चेहरा उजळला. "अहो, हेच घेऊ या ना," ती नवऱ्याला म्हणाली.

इथे विषय संपला होता. कुठल्याही शहाण्या माणसाने पैसे मोजून रिक्षा केली असती.

"याला चॅनेल किती?" गॅरंटीदादांनी विचारलं.

"दोन, सर. डावा आणि उजवा."

"दोन!" दादा असे हसले की जणू कुणी दोन चाकांचा ट्रक विकायला काढला होता. "आणि त्या संचाला?"

"पाच आणि वूफर वेगळा. वर हजार वॅट." विक्रेता तयारीचा होता. पैसे कोण देणार यापेक्षा मान कोण हलवणार हे ओळखण्यावर त्याचं पोट होतं. त्याने पट्टी बंद केली आणि संचावर वादळ लावलं. हेलिकॉप्टर कोचाच्या मागून आलं, डोक्यावरून गेलं, समुद्र फुटला, मेहुणा दचकला.

"बघ!" दादा म्हणाले. "तेवढ्याच पैशात तिकडे एक, इकडे पाच. हिशेब तूच कर."

हिशेब खरंच करण्यासारखा होता. तेवढेच पैसे एका वस्तूत घातले तर ती बरी निघते, सहा तुकड्यांत वाटले तर प्रत्येक तुकडा फाटका निघतो. हे भाजी घेणारीलाही समजतं. पण त्यासाठी खोक्यावरचे आकडे सोडून आतल्या मालाकडे बघावं लागतं.

"दादा, पण बाबांना..."

"त्यांचंच बघतोय मी! पाच बाजूंनी आवाज आला तर एका बाजूने तरी कानात शिरेल की नाही?"

मेहुणा पुटपुटला, "हॉल लहान आहे आमचा."

"लहान खोलीतच घुमतं. मी सांगतो ना. गॅरंटी माझी. हे चुकलं तर यापुढे मला कुणी काही विचारू नका."

बहिणीने मान डोलावली. लहानपणी याच भावाने तिला सायकल शिकवली होती. तीही तिच्यासाठी उंचच होती, पण माया असली की माणूस असल्या गोष्टी विसरतं. संच आला.

आता हा संच नीट वाजायचा तर माणसांच्या पुढे तीन आणि मागे दोन स्पीकर लागतात. बोलणं येतं पुढच्या मधल्यातून. मागचे दोघे दारं करकरवतात, पावलं वाजवतात, वारा घालतात. आणि हॉलमध्ये 'मागे' अशी जागाच नव्हती. सोफा भिंतीला टेकलेला. पुढे ओढला तर घराचं दार उघडेना.

बसवायला आलेला माणूस डोकं खाजवत उभा राहिला. दादांनी सूत्रं हातात घेतली. मागचा डावा पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर. मागचा उजवा थेट स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर. मधला, ज्याच्यातून बोलणं यायचं तो, टीव्हीसमोर ठेवला तर चित्र झाकत होता, म्हणून शोकेसच्या काचेआड. वूफर सासऱ्यांच्या दिवाणाखाली. "कसा मापात बसला!" दादा म्हणाले. मापात बसला होता यात वाद नाही.

पुढच्या रविवारी उद्घाटन ठेवलं, तेही दादांनीच, बहिणीच्या घरी आणि बहिणीच्या चहा-साखरेवर. आत्याला बोलावलं, फ्रिजवाल्या चुलतबहिणीला तर दोनदा फोन करून बोलावलं. बायको आपणहून आली. असला प्रसंग ती सोडणार नव्हती.

हॉल भरला. दादा सगळ्यांना बसवत सुटले. "आत्या, तू मध्ये बस, तिथे खरा परिणाम आहे." बसवून झाल्यावर बघतात तो स्वतःला जागा नाही. स्वयंपाकघरातलं स्टूल तेवढं शिल्लक होतं. बहीण ओट्याशी चहा करत होती. दादा फ्रिजला पाठ लावून स्टुलावर टेकले आणि आतूनच ओरडले, "करा सुरू!"

चित्रपट सुरू झाला. फ्रिजच्या डोक्यावर एक दार करकरलं. मग पावलं वाजली. मग बराच वेळ काही नाही. मग कुत्रं भुंकलं.

"कोण आलं?" दादांनी विचारलं.

"मला काय माहीत?" बहीण म्हणाली. "आठवडा झाला, माझ्या वाट्याला हेच आहे. परवा पाणी गळायला लागलं म्हणून दोन्ही नळ बघून आले. सिनेमात पाऊस होता. काल तर बाई हुंदके द्यायला लागली इथे, पिठाच्या डब्याजवळ. का रडतेय ते हॉलमध्ये कळत असणार."

वर काच फुटली. दादांनी मान चुकवली.

"स्वच्छ आहे पण आवाज," ते म्हणाले.

बहिणीने चहाचं आधण उतरवलं.

तेवढ्यात हॉलमधून सासऱ्यांची हाक आली. "अहो पाहुणे! जरा बाहेर या."

दादा गेले. दिवाण थरथरत होता आणि त्यावर सासरे, पत्र्याच्या डब्यात गोटी हलावी तसे. "हे यंत्र माझ्या पाठीशी बोलतंय हो. कानाशी कधी बोलायचं?"

"बाबांना बातम्या लावून द्या," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात आठवड्याची झोप राहिलेली होती.

बातम्या लागल्या. मागचे दोघे मुके झाले, कारण बातम्यांत दारं करकरत नाहीत. पुढचे दोघे संगीत वाजवत राहिले. निवेदिका काचेआडून, पिंपात तोंड घातल्यासारखी काहीतरी सांगत होती आणि तिच्या प्रत्येक वाक्यासरशी दिवाण गुरगुरत होता. सासरे पुढे वाकले. कानामागे हात धरला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"एक शब्द नाही," ते म्हणाले आणि मागे टेकले. रागावून नाही. नाद सोडल्यासारखे.

खालून काठी वाजली.

आता गॅरंटीदादांनी तोंड उघडलं. चुकलं, एवढं एकदा म्हणायचा अवकाश होता. आत्या तिथल्या तिथे पोटात घालणार होती, बहीण तर त्याआधीच. "कानांना सवय व्हावी लागते," ते म्हणाले. "उत्तम आवाज एकदम झेपत नाही माणसाला."

"कानांची गॅरंटी किती वर्षांची असते रे दादा?" चुलतबहीण म्हणाली, आणि आत्यासुद्धा हसली. ती भोळी आत्या! दादांना बाकी कुणाचं नाही, तिचं हसू लागलं.

बहीण दारात उभी होती, हातात गाळणी तशीच. "दादा, तू एवढा वेळ आत बसला होतास. खरं सांग, तुला काय ऐकू आलं?"

"मागचं चॅनेल अप्रतिम आहे," दादा म्हणाले. "तसं वेगळेपण या किमतीत कुठे मिळायचं नाही."

"अहो!" बायको म्हणाली. एवढंच.

बहिणीने गाळणी शोकेसवर ठेवली, खाली वाकली आणि भिंतीतला प्लग उपटला. घरात इतकी शांतता झाली की फ्रिजची घरघर ऐकू आली. "वायरी गुंडाळायला लागा," ती नवऱ्याला म्हणाली. चहा सगळ्यांनी प्यायला. दादांच्या कपात साखर जास्त होती. त्यांना ते सांगवेना.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच खोकं रिक्षात घालून दुकानात गेली. विक्रेत्याने आधी मुदत संपली म्हणून पाहिलं, मग खोकं उघडलंय म्हणून पाहिलं. ती हलेना, तेव्हा थोडी रक्कम कापून पट्टी द्यायला तयार झाला. बिल करताना म्हणाला, "ते सर नाही आले आज?"

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"अरेरे! तरी मला वाटलंच."

पट्टी टीव्हीखाली बसली. बटण दाबलं. सासरे पहिल्या दिवशी दोन तास बातम्या ऐकत बसले आणि मग सुनेला म्हणाले, "इतकी वर्षं हे लोक हेच बोलत होते? उगाच शब्द लागले." पण दुसऱ्या दिवशी वेळेवर पुन्हा बसले. काठी वाजायची थांबली.

गॅरंटीदादांना हे कुणी फोन करून कळवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. महिन्याभराने आत्याकडे सगळी जमली होती आणि कपडे धुण्याच्या यंत्राची गोष्ट निघाली. आत्याचं जुनं गळायला लागलं होतं. वरून कपडे घालायचं घ्यावं की पुढून, आवाज कुठल्याचा कमी, वाकायला कुठल्याला लागतं, सगळी एकदम बोलत होती. दादा खुर्चीत सावरून बसले. खिशातलं पेन चाचपलं. घसा साफ केला.

"त्यात मुख्य असते ती मोटर..."

"तू चहा घे रे," आत्या मायेने म्हणाली आणि चुलतबहिणीकडे वळली. "हं, तू सांग. माझी कंबर धरते, मला वाकायला नको. अशांसाठी कुठलं बरं?"