चतुराबाईच्या विहिरीतले दंडवन

अडाण नदीच्या काठी, शेलूबाजारापासून कोसभर खाली, पुंजाजी माळ्याचा मळा होता. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर असा भाजीपाला पिकायचा आणि बाजाराच्या दिवशी पुंजाजीची बायको चतुराबाई तो टोपलीत घालून विकायला न्यायची. नवराबायको दोघंही माळकरी. घरात मासळी शिजणं तर सोडाच, तिचं नावही निघत नसे. आणि तरी नदीतल्या माशांचं काही विचारायचं झालं, तर लोक आधी चंपत भोयाकडे जात आणि तो नसला तर चतुराबाईकडे.

तिला बघायची खोडच होती. भाजी धुवायला नदीवर बसली की पेंढी हातात तशीच राहायची आणि ही पाण्यात टक लावून. कोणता मासा तळाशी चरतो, कोणता वरचे किडे टिपतो, कोणता नुसता दगडाखाली बसून राहतो. चंपतला ती नावं विचारायची. चंपत पिढ्यान्‌पिढ्यांचा मासेमार; त्याला नावं ठाऊक असत, पण तिच्या त्यानंतरच्या प्रश्नांपुढे तो हात टेकायचा.

एकोणीसशे सत्तावीस सालच्या वैशाखात नदी आटून मळ्याखाली एकच डोह उरला. दरसालप्रमाणे पाटलाच्या पोरांनी गेळफळं कुटून डोहात टाकली. गेळफळाच्या विषाने मासे गुंगून वर येतात, मग हाताने वेचायचे. पोरांनी मोठे मासे नेले आणि बारीक तसेच टाकले. सकाळी चतुराबाई गेली तेव्हा मेलेल्या माशांनी अख्खा डोह पांढरा दिसत होता. काठावर चंपत बसला होता, जाळं न उघडताच.

"जाळ्यातून बारके निसटतात व बाई," तो म्हणाला. "इखातून कोनी निसटत नाई. आता पुढच्या साली मी काय पकडू?"

डोहाच्या वरच्या टोकाला एक झरा होता. तिथल्या ताज्या पाण्यात थोडे बोटभर मासे तोंड वर करून तग धरून होते. चंदेरी अंग, कुशीवर काळी रेघ. चंपत त्यांना दंडवन म्हणायचा. चतुराबाईने पदर पाण्यात धरला, ते गोळा केले, घागरीत घातले आणि मळ्यातल्या पायविहिरीत नेऊन सोडले.

पुंजाजी मोट थांबवून धावत आला. "अवं, प्यायच्या पान्यात मासे टाकून राह्यली? आपली माळ कायले हाये मंग?"

"नदीचं पानी तुमी पेत नाई का? त्याच्यात काय मासे नसतात?"

 पुंजाजी रागाने मोटेकडे परतला.

त्या भागात तेव्हा नारूचं दुखणं घरोघर होतं. पायाला फोड यायचा, तो फुटला की त्यातून सुतासारखा लांब किडा निघायचा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा; तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. पुढच्या उन्हाळ्यात पुंजाजीची बहीण हौसाबाई, जी विधवा होऊन त्यांच्याकडेच राहायची, तिच्या घोट्याला नारू निघाला. पुंजाजीच्याही निघाला. गावाने बोट दाखवलं ते विहिरीतल्या माशांकडे.

"तुह्या मासोळ्यांनी केलं हे," हौसाबाई कण्हत म्हणाली.

चतुराबाईने वाद घातला नाही, पण मनाला मात्र पटेना. मासे नव्हते तेव्हाही नारू होताच की. तिने पितळी परात चिंचेने घासून लख्ख केली आणि गावच्या बारवेचं पाणी आणून तिच्यात ओतलं. उन्हात धरली तर पाण्यात कण दिसले, मोहरीहून कितीतरी बारीक, आणि ते टुणटुण उड्या मारत होते. तिने परातीत दोन दंडवन सोडले. दुसऱ्या परातीत तेच पाणी मासे न घालता ठेवलं. सकाळी पाहिलं तर माशांच्या परातीत एकही कण उरला नव्हता. दुसरीत अजून उड्या चालू होत्या. याचा अर्थ काय, ते तिला कळलं नाही. पण तिने ते चार वेळा करून पाहिलं.

इकडे पुंजाजीने चंपतला बोलावलं. "काढ सारे मासे," तो म्हणाला.

चंपतने जाळं टाकलं. एकदा, दोनदा, दहादा टाकलं. हाती काही लागेना. पुंजाजी लंगडत वर उभा होता. "हुशार होऊन गेले हो हे," चंपत कपाळ पुसत म्हणाला, "आता नाई सापडत." तो निघाला तेव्हा चतुराबाईने जाळ्याकडे नीट पाहिलं. ते मरळीसारखे हातभर मासे धरायचं जाळं होतं. त्याच्या एकेका घरातून तिची मूठ सहज गेली असती.  

मासे राहिले. आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मळ्यावर एकालाही नारू निघाला नाही.

त्याच साली मदनसिंग नावाचा देवीडॉक्टर वाशीमहून आला. पोरांना देवीची लस टोचणं हे त्याचं काम, पण यंदा घरोघर नारूचे रोगीही मोजायचे होते. गावात त्याची वही भरत गेली. मळ्यावर आला आणि पेन्सिल थांबली.

"एकही नाही? दडवत तर नाही ना?"

"दडवून काय करू जी? पाय पाहा सगळ्यायचे."

मग तिने त्याला विहीर दाखवली, परात दाखवली. मदनसिंग डोक्यावरची टोपी काढून पायरीवर बसला. "बाई, नारूचं बी या उड्या मारणाऱ्या कणांच्या पोटात असतं, असं आमच्या पुस्तकात आहे. पाण्याबरोबर तो कण पोटात जातो. आणि नारू पायातून निघतो तो थेट वर्षाने."

"वर्साने?" चतुराबाई बोटांवर मोजू लागली. मग वळून हौसाबाईला म्हणाली, "आक्का, तुमाले निघाला थो मासे टाकायच्या अगोदरच्या पान्याचा व!"

"मले काय मालूम?" हौसाबाई म्हणाली, पण त्या दिवसापासून विहिरीवर भाकरीचा चुरा टाकायला तीच जाऊ लागली.

बातमी पसरली. आठ दिवसांनी रामकिसन पाटील स्वतः बैलगाडीत आडवा पडून आला. दोन्ही पायांना नारू. गाडीतूनच तो म्हणाला, "चतुराबाई, गावच्या बारवेसाठी मासे पाह्यजेत."

"नदीतून न्या ना पाटील."

"नदीत कुठी हायेत आता?"

"काहून नाईत?"

पाटलाने पायाची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "बरं. पोरायले सांगतो मी."

चतुराबाईने घागर भरून दिली. गळ्यापर्यंत भरायची नाही, तोंडाला फडकं बांधायचं, गाडीत न ठेवता डोक्यावर न्यायची, हे गाडीवानाला दोनदा ऐकवलं. दुखऱ्या पायाने बारवेत कोणी उतरायचं नाही, दोराने पाणी शेंदायचं, असा दंडक मदनसिंगने घालून दिला. हळूहळू गावातला नारू कमी झाला. सगळाच गेला, असं नाही. शेतातलं कुठलंही पाणी पिणारे होतेच. डोहात पाच वर्षं गेळफळ पडलं नाही. सहाव्या वर्षी पुन्हा कोणीतरी टाकलं. पण तोवर पुरात खालून चढून आलेले मासे नदीभर पसरले होते, सगळे एकाच डोहात नव्हते; म्हणून या वेळी बरेच वाचले.

पुढे धनज गावाकडचे लोकही घागरी घेऊन येऊ लागले. पुंजाजी त्यांना मोठ्या तोऱ्यात विहीर दाखवायचा, जसं काही मासे त्यानेच आणले होते. चतुराबाई गालात हसायची.

चाळीस-एकेचाळीस सालच्या पावसाळ्यात, ती आणि चंपत दोघंही म्हातारी झाल्यावर, चंपतने तिला हाक मारून नदीवर नेलं. लव्हाळ्याजवळ पाण्यावर कुंकवासारखा लाल गोळा तरंगत होता. मरळीची शेकडो पिल्लं. खाली एक काळी मरळ घिरट्या घालत होती आणि बेडूक जवळ आला की त्याच्यावर तुटून पडत होती.

"ही माय हाये का बाप?" चतुराबाईने विचारलं.

चंपतने डोकं खाजवलं. "साठ वर्सं पकडून राह्यलो मरळ. हे काई इचारलंच नाई मी."

"मंग बस इथं," ती म्हणाली आणि लुगडं सावरून ओल्या काठावर टेकली. "पाहू दोघंबी."