सोजरमावशीचा होकार

सोजरमावशीवर अन्याय झाला तो यंदा, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना. वेळ नक्की सांगतो, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. माणसांकडे बघितलं असतं तर तोंडातून वाईट शब्द गेला असता. वालूरच्या पुढं असलेल्या आमच्या गावात पत्र्याचं छोटं प्रार्थनामंदिर आहे. तिथली फरशी मावशीनं तीस वर्षं झाडली, दर रविवारी सतरंज्या अंथरल्या आणि गुंडाळल्या. त्याच फरशीवर तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचे तीन प्रश्न विचारले. पापांचा पश्चात्ताप केलास का? येशू तुझा तारणारा आहे असा विश्वास धरतेस का? मरेपर्यंत त्याच्या मागं चालशील का? मावशीला दिवाळीत लकवा मारलेला. तिचे ओठ हलले, 'ब… ब…' एवढंच आलं आणि हनुवटीवर लाळ उतरली. मंडळीचे मुख्य पंच दानिएल काका यांनी रजिस्टरमधल्या तिच्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

मी उठून विचारलं, "लकवा झालेल्या बाईला पुढचं वर्ष कोण देणार काका? तुमचं रजिस्टर?"

"खाली बस," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम. उत्तर साक्षीदारांसमोर, मोठ्यानं."

माझा राग नुसता तत्त्वाचा नव्हता, हेही सांगायला पाहिजे. मावशीच्या नवऱ्याचा बाप्तिस्मा झालेला, पोरांचाही झालेला, तिचा मात्र राहिला. कारण एकच, भीती. "मला लिहिता न्हाई येत, वाचता न्हाई येत. चारचौघात सवालाला जवाब चुकला तर हासतेन लोक," असं म्हणत तिनं आयुष्य काढलं. शेवटी गेल्या पावसाळ्यात मीच तिच्या मागं लागलो आणि रोज संध्याकाळी ती भाकरी थापत असताना तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली. तिन्ही उत्तरं तिला पाठ झाली. तव्यावरची भाकर उलटताना ती एकेक उत्तर सणकन म्हणायची आणि माझ्याकडे बघायची, आता चुकीव, अशा तोऱ्यात. मग दिवाळी आली आणि तिची जीभ गेली. उत्तरं आत तशीच असणार, फक्त दार बंद झालं होतं.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. कॉलेजपासून पाणी, रेशन, शिष्यवृत्ती अशा प्रश्नांवर लिहीत आलोय. त्यामुळं त्या दुपारी मी दुसरं काय करणार? मथळा आधी सुचला: 'जिभेचा बाप्तिस्मा बंद करा!' खाली मावशीचा खुर्चीतला फोटो. मजकूर धडाधड उतरला, पण मधेच अडलो. मुक्या माणसाचा विश्वास नाही असं म्हणता येत नाही, हे मला ठासून मांडायचं होतं, आणि मग विश्वास नेमका असतो कुठं, हे मला लिहिता येईना. जिभेवर नसतो म्हटलं. मेंदूत म्हणावं तर लकवा मेंदूतच झालाय. काळजात म्हणावं तर ते भजनात शोभतं, पत्रकात नाही. मी जन्मापासून ख्रिस्ती, विश्वासानं तारण होतं हे हजार वेळा ऐकलेलं, आणि त्या शब्दाला हात लावायला गेलो तर खाली काहीच लागेना. हे मला लय लागलं. आधी मावशीसाठी शोधत होतो, मग स्वतःसाठी शोधायला लागलो. अडचण अशी की स्वतःसाठी शोधतोय हे मला तेव्हा कबूल नव्हतं.

परभणीला कृषी विद्यापीठाच्या बाजूच्या वस्तीत एक निवृत्त गुरुजी राहतात. धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी उमेदीची वर्षं ग्रीक शिकवलं. नवा करार मुळात ग्रीकमध्येच लिहिलेला. मूळ शब्दातूनच दानिएल काकांना गाठावं, असं ठरवून मी सोमवारी मोटरसायकलवर त्यांच्या दारात गेलो. गुरुजींच्या घरच्या काकूंनी चहा ठेवला. गुरुजींनी माझं पत्रक दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मथळा झकास हाय. देव कुठंय यात?"

मी म्हणालो, "देवाचं नंतर बघू गुरुजी. मला मूळ शब्दाचा अर्थ द्या, एका वाक्यात. खाली तुमची सही."

"ऐकलं का," ते आत वळून म्हणाले, "ह्याला ग्रीक पाहिजे, अन् तेबी पार्सल."

"मग द्या की बांधून," काकू आतून म्हणाल्या, "पोरगं उन्हाचं आलंय."

गुरुजींनी सांगितलं ते मी लिहून घेत होतो. शब्द आहे पिस्तिस. मराठीत विश्वास छापलंय, त्यात चूक नाही, पण आपण त्या विश्वासाचं परीक्षेतलं उत्तर करून टाकलंय. देव एक आहे एवढं तर भुतांनाही मान्य असतं. त्या काळात हा शब्द देवळाबाहेरही चालायचा: सैनिकाची निष्ठा, मित्राचा भरवसा, दिलेला शब्द पाळणं. "माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेले," ते म्हणाले. "विश्वास म्हणायचेच न्हाईत ते. ऐतबार म्हणायचे, इमान म्हणायचे. ऐतबार गोष्टीवर बसत न्हाई बाबा, माणसावर टाकावा लागतो." मग त्यांनी अशी एक गोष्ट सांगितली की माझा पेन थांबला. नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांत काही जागा अशा आहेत, जिथं आपण ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास असंही वाचता येतं आणि ख्रिस्तानं स्वतः राखलेलं इमान असंही. पंडित अजून वाद घालतायत. म्हणजे माणसाला वाचवतं ते माणसानं घट्ट धरलेलं, की त्यानं माणसाला धरलेलं?

"तुमचं मत काय?" मी विचारलं.

"माझं मत तुला छापायचंय. न्हाई देत," ते म्हणाले. "बायबलातल्या त्या लकवेवाल्याची गोष्ट ठाऊक हाय ना? चौघांनी छप्पर उचकटून येशूपुढं खाली सोडला तो. त्याला कुणी प्रश्न विचारले का? येशूनं वर बघितलं, चौघांकडं. जा, वाच घरी. अन् तुझा बाप्तिस्मा कसा झाला, ते सांग बरं."

सांगायला लाज वाटली. मी चौदा वर्षांचा होतो, तिन्ही उत्तरं खणखणीत दिली, सगळे वाहवा म्हणाले. आमच्याकडे बाप्तिस्मा शेततळ्यात देतात, माणसाला उताणं करून पुरतं पाण्याखाली नेतात. पाळकांनी मला मागं झुकवलं आणि मी ताठ झालो, त्यांच्या पोटात लाथ मारली, गळ्यातला मफलर ओढला आणि दोघंही पडलो. पाहुणेरावळे पोट धरून हसले. मला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फक्त कप खाली ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे जिभेनं पास, अंगानं नापास." परतीच्या रस्त्यात मला त्यांचा राग आला. सही मिळाली नव्हतीच. वर एक प्रश्न घेऊन आलो होतो, तो सेलूपर्यंत खाली उतरायला तयार नव्हता.

तरी पत्रकं छापलीच. सवय अशी लवकर जात नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, सूर्य वर आल्यावर सगळी मंडळी गावाबाहेरच्या शेततळ्यावर जमली. तळं दुसऱ्याच्या शेतातलं, मालक भला माणूस, दरवर्षी परवानगी देतो. चारही उतारांवर प्लास्टिकची निळी पन्नी अंथरलेली. तिच्यावर पाय ठरत नाही, म्हणून गाठी मारलेला दोर खाली सोडलेला असतो. पन्नीला भोक पडू नये म्हणून मालकानं त्याचा सालगडी राखणीला बसवला होता. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं. तो बांधावर तंबाखू मळत सगळ्यांना बजावत होता, "तुमी बुडवा न्हाईतर वर काढा, माझी पन्नी फाडू नका म्हंजे झालं." नाव मुंजाजी.

मावशीला मी तिच्या सुनेच्या मदतीनं ऑटोतून आणलं होतं. बाप्तिस्म्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. हे वाक्य आज लिहितानाही खुपतं. तिला बांधाच्या कडेला खुर्चीत बसवलं, पत्रकांचा गठ्ठा काखेत घेतला आणि इतर तिघांचा बाप्तिस्मा आटोपताच मी दानिएल काकांसमोर उभा राहिलो. मावशीनं एक पत्रक डाव्या, चांगल्या हातात घेतलं, स्वतःचा फोटो बघितला आणि पत्रक मांडीवर पालथं घातलं. मी ते पाहिलं आणि तरीही बोलत राहिलो.

काका शांतपणे म्हणाले, "झालं का तुझं? आता ऐक. तू पाळण्यात होतास तेव्हा आपल्यावर आळ आला होता, हे लोक माणसांना न कळत पाण्यात घालतेत म्हून. पोलीस आले. माझा बाप तीन दिवस चौकीत बसून होता. तव्हापासून नियम हाय, ज्याचा त्यानं होकार सांगावा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. उद्या कुणी म्हणालं मुक्या बाईला बुडवलं, तर काय दाखवशील? हे पत्रक?"

मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या पत्रकात ते रजिस्टरला चिकटलेले कोरडे पंच होते, एका घाबरलेल्या बापाचा मुलगा त्यात नव्हता. पण हार कशी मानणार? मी तावातावानं एक पाऊल मागं घेतलं, पाय पन्नीवर पडला आणि मी पत्रकांसकट पाठीवर घसरत थेट पाण्यात गेलो.

पुढचं सांगताना मी काही वाढवत नाही. पाणी नाकातोंडात गेलं, डोळ्यांसमोर नुसतं निळं झालं. हात मारले तर काठ गुळगुळीत, धरायला काहीच नाही. जेवढा धडपडलो तेवढा खाली गेलो. मग कुणीतरी मागून काखेत हात घातले. मी वळून त्याचा गळा आवळला आणि आम्ही दोघं बुडायला लागलो. कानाशी आवाज आला, "सोड! आंग ढिल्लं सोड. मला धरू नको रे येड्या, मी धरलंय तुला."

मी सोडलं. का, ते सांगता येणार नाही. त्या माणसाचं नाव मला दहा मिनिटांपूर्वी कळलेलं, त्याचा नि माझा देव एक नाही, मी त्याला काही विचारलं नव्हतं आणि त्यानं मला. सोडलं आणि वर आलो. वर आभाळ होतं, पाठीखाली दोन हात. गुरुजींचा तो प्रश्न मला तिथं आठवला, नाकातून पाणी येत असताना. मी चौदाव्या वर्षी जे करू शकलो नव्हतो ते आत्ता झालं होतं, आणि त्यात माझं करणं जवळजवळ काहीच नव्हतं.

"आता पाय टेकव," मुंजाजी म्हणाला. "छातीएवढंच हाय."

सगळं तळं हसलं. मावशी सगळ्यांत मोठ्यानं, वाकड्या तोंडानं, खुर्ची हलेपर्यंत. दिवाळीनंतर तिचा मोकळा आवाज आम्ही ऐकला तो असा. पत्रकं पाण्यावर पसरली होती. मी ती गोळा करत असताना हसणं एकदम थांबलं, म्हणून वर पाहिलं. मावशीनं डावा हात लांब करून दानिएल काकांचा पंजा पकडला होता. आपल्या नावावर रेघ मारणारा तोच हात धरून ती त्यांना पाण्याकडे ओढत होती.

काका गुडघ्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सोजरबाई, मी तेच तीन प्रश्न इचारतो. होय असेल तर हात दाब. नसेल तर सोड." पहिला प्रश्न. "दाबला," काका म्हणाले. दुसरा. "दाबला." तिसरा. "दाबला. लय जोरात दाबला."

इतकं सोपं होतं. आठवडाभर कुणालाच सुचलं नव्हतं. काकांना सुचलं नाही, कारण ते नियम राखत होते. मला सुचलं नाही, कारण मी पत्रक लिहीत होतो. तिच्या हातात हात दोघांपैकी एकानंही दिला नव्हता.

तिला खुर्चीसकट खाली नेलं. पुढं पाळकसाहेब, दोन बाजूंना काका आणि मी, दोराला मुंजाजी, "पन्नी… पन्नी…" असं पुटपुटत. उतरताना मोजलं, आम्ही चौघं होतो. पाळकसाहेबांनी तिला मागं झुकवलं आणि मी तिच्या पाठीखाली हात धरला. मला वाटलं होतं ती ताठ होईल. ती झाली नाही. अर्धं अंग लकव्यानं सुटलेलं होतं, उरलेलं अर्धं तिनं स्वतः सोडलं. ती पाण्याखाली गेली तेव्हा माझ्या हाताला तिचं सगळं वजन लागलं, काहीही राखून न ठेवलेलं. विश्वास कुठं असतो, हे मला अजून एका वाक्यात लिहिता येत नाही. पण त्याचं वजन किती असतं, ते माझ्या हातांना ठाऊक आहे.

मी याला चमत्कार म्हणा असं सांगत नाही. मावशी आजही बोलत नाही. मुंजाजी तिथं पन्नी राखायला होता, मला राखायला नव्हे, असं तो स्वतःच सांगतो. कोणी कुणाला कशासाठी कुठं बसवलेलं असतं, ते मला कळत नाही. मी फक्त आभार मानतो, रोज, आणि पत्रकं अजूनही लिहितो. पण आता ज्याच्याबद्दल लिहितो त्याच्याकडे आधी जाऊन बसतो.

हे वाचणाऱ्या, तू पाळक अस, पंच अस, की माझ्यासारखा मागच्या रांगेतला रागीट माणूस अस, तुझ्याकडे माझी एक मागणी आहे. तुमच्यातही कुणीतरी असेल, जिच्याकडून उत्तर आलं नाही म्हणून तिचं नाव खोडलं गेलंय. येत्या रविवारी तिच्याकडे जा, खाली बस, तिचा हात हातात घे आणि परत विचार. आणि तिनं दाबेपर्यंत तो हात सोडू नकोस.