दोन बोटांची ढील

जळगाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर माझी पत्र्याची पेटी ठेवलेली होती आणि माझे वडील, आबा, तिच्याभोवतीच्या दोराखाली दोन बोटं घालून पाहत होते. बोटं शिरेनात.

"कोनं बांधली?"

"मीच."

आबांनी उकिडवं बसून गाठ सोडली आणि सगळी पेटी पुन्हा बांधायला घेतली. मला बँकेच्या नोकरीवर नेणाऱ्या गाडीची घोषणा झाली होती. मी वैतागून म्हणालो, "आबा, पेटीला काय गळा असतो?"

"पेटीले नसीन. पन दोराले काय ठावूक?"

बैलाच्या गळ्यातलं दावं बांधताना दोन बोटांची जागा ठेवायची, हे आमच्या गावात, असोद्यात, पोरांना उजळणीच्या आधी शिकवतात. कोरडा दोर भिजला की आखडतो. एका पावसाळ्यात शेजारच्या गोठ्यातलं वासरू सकाळी गळा आवळून मेलेलं सापडलं होतं. तेव्हापासून आबा दिसेल त्या दोराखाली बोटं घालून पाहत: कपाशीच्या गाडीचा दोर, मायने बांधलेल्या पाळण्याचा दोर, माझं दप्तर. बँकेच्या मुलाखतीला मी पहिल्यांदा टाय लावला, तेव्हा त्याखालीही घातली होती.

गाडी हलली. माय रडत होती, तिच्याकडे मी पाहिलं. आबांकडे पाहिलं नाही, कारण पेटी पुन्हा बांधल्याचा राग अजून गेला नव्हता. तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडले त्यांना हे ओळखीचं असेल. निरोपाच्या वेळी माणूस थोर विचार करत नाही, पेटीचा विचार करतो.

बँकेने चार गावं फिरवून मला केरळात, कोळिकोडला आणलं. बदली तीन वर्षांची होती. एकवीस वर्षं झाली. भाकरीची जागा भाताने घेतली, दुपारच्या चहाबरोबर शेवेऐवजी केळ्याचे वेफर आले. केळ्याच्या गावातून आलेला माणूस इथे केळं विकत घेऊन खातो, हा अपमान मी बरीच वर्षं मनात धरला होता. फोन ठेवताना इथे 'शेरी' म्हणतात, म्हणजे 'बरं'. मलाही ती सवय लागली. आबांनी एकदा मायला विचारलं होतं, "हा सारखा शेरी शेरी करते, ते कोन शे?"

कोळिकोडशेजारी बेपूर आहे. तिथे नदीकाठी लाकडी गलबतं बांधतात आणि म्हातारे कारागीर त्यांच्या छोट्या प्रतिकृती करतात. त्यांच्यातले एक कोयाक्का. रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसता बसता मीही एक गलबत करायला घेतलं: हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं. चाळिशीनंतर माणसं योगासनं करतात किंवा समाजाला मार्गदर्शन करतात. मला दोन्ही झेपण्यासारखं नव्हतं. सागवानाच्या काडीएवढ्या पट्ट्या वाफेवर वाकवून सांगाड्यावर बसवायच्या, घासायच्या, चुकलं की उपटून काढायच्या. सांगाडा आणि फळ्या पुऱ्या व्हायलाच चार वर्षं गेली. राहिले होते दोर. डोलकाठ्या उभ्या धरणारे, शिडं ओढणारे, शंभरावर तुकडे.

अशात माय गेली. दिवसकार्य झाल्यावर मी कोळिकोडला परतलो आणि मार्चअखेर दोन महिन्यांची रजा घेऊन पुन्हा असोद्याला आलो. एका हातात गलबताचं खोकं आणि खिशात मेअखेरच्या परतीची दोन तिकिटं. दुसरं तिकीट आबांचं होतं. त्यांना विचारलेलं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या माणसाला एकटं ठेवणं बरं नव्हे, हे मी माझ्याशी इतक्या वेळा बोललो होतो की त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

मी ओसरीवर खोकं उघडलं. आबा बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता.

"हे पान्यात चालीन का?"

"नाही आबा. शोभेचं आहे."

"मंग इतके दोर काहाले?"

मी आणलेला तयार दोरा त्यांनी बोटांत फिरवला आणि बाजूला ठेवला. "याले जीव नही," म्हणाले. मग जळगावहून साधं सूत आणायला लावलं आणि मांडीवर पीळ देत केसासारख्या बारीक दोऱ्या वळायला बसले. बैल विकून सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत त्यांचे हात इतके चाललेले मी पाहिले नव्हते.

पुढचे पाच आठवडे आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर एप्रिलचं ऊन, पंख्याची घरघर. मी गलबताच्या चित्रावर बोट ठेवायचो, ते गाठ मारायचे. आयुष्यात इतकं बोलणं आमच्यात झालं नव्हतं आणि ते सगळं दोरांबद्दल होतं. मायचा विषय एकदाच निघाला. एक पीळ सुटला तेव्हा ते म्हणाले, "तुही माय राह्यली असती तं सुईत दोरा तिनं घातला असता."

गलबत सजलं, पण सगळे दोर किंचित सैल. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखे. मी म्हणालो, "आबा, चित्रात बघा, दोर कसे ताठ आहेत."

"चित्राले पानी लागत नही."

आमच्या बँकेच्या रिक्रिएशन क्लबचं छंद प्रदर्शन जूनमध्ये होतं. मोठे साहेब येणार होते. साहेबांचं मला काही वाटत नाही, असं मी नेहमी म्हणत आलो. तरी एका दुपारी आबा आडवे झाले असताना मी पुढच्या डोलकाठीचे त्यांचे सगळे दोर सोडले आणि तारेसारखे ताणून बांधले. फार सुंदर दिसायला लागले. बाकीच्या दोन डोलकाठ्या दुसऱ्या दिवशी करू, असं ठरवलं.

आबा उठले. चष्मा लावून गलबतापाशी आले. पुढच्या डोलकाठीच्या दोरामागे दोन बोटं नेली, टेकवली आणि परत घेतली. चहा झाला. मग मी, कुठून अवसान आलं कोण जाणे, खिशातलं तिकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे कधी काढलं?"

"दीड महिना झाला."

"मले न इचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हाव," ते म्हणाले. "म्हनलो असतो." आणि तिकीट मला परत न देता देव्हाऱ्यातल्या पंचांगात ठेवलं. येणार की नाही, ते सांगितलं नाही. उरलेल्या दोन डोलकाठ्यांना हात लावायचं धाडस मला झालं नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी पंचांगातून तिकीट काढून माझ्या हातात दिलं. मी सकाळपासून बरंच बोललो होतो: दवाखाना जवळ आहे, जिन्याने खाली-वर करायला लागणार नाही, समुद्र दिसतो. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना शहरात न्यायचा प्रयत्न केला असेल त्यांना ही यादी पाठ असेल. त्यांनी सगळी ऐकली. मग खोक्याभोवतीचा दोर तपासला, दोन बोटं शिरली, आणि म्हणाले, "जाय. गाडी चुकीन."

कोळिकोडला खोकं उघडलं तेच पंधरा दिवसांनी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. इथली हवा अशी की मीठ डबीत पाझरतं आणि चपलांना, भिंतींना बुरशी धरते. पुढची डोलकाठी वरून एक वीत खाली कडकन मोडून लोंबत होती. माझे दोर इतके आवळले होते की कात्रीचं टोक आत जाईना. मागच्या दोन डोलकाठ्या सरळ उभ्या होत्या. त्यांचे दोर आता सैल नव्हते. चित्रातल्यासारखे ताठ होते, एका केसाने कमी नाही, जास्त नाही.

मी गलबत तसंच कोयाक्कांकडे नेलं. त्यांनी मोडक्या काठीकडे पाहिलंच नाही. मागच्या दोरांवरून बोट फिरवत विचारलं, "आरा केट्टियत्?" हे कोणी बांधलं?

"वडिलांनी."

"कुठल्या जहाजावर होते?"

"कुठल्याच नाही. त्यांचे बैल होते."

कोयाक्का दात नसलेल्या तोंडाने खूप वेळ हसले. मग म्हणाले, "ज्याने मोडलं तो जहाजावर होता का?"

प्रदर्शनात गलबत मोडकंच ठेवलं. समई पंख्यामुळे तीनदा विझली, चौथ्यांदा पंखा विझवण्यात आला. साहेबांनी भाषणात माझ्या गलबताचा खास उल्लेख केला. वादळात सापडलेल्या जहाजाचा परिणाम कलाकाराने मोडक्या डोलकाठीतून हुबेहूब साधला आहे, असं ते म्हणाले. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. ते मी घेतलं.

संध्याकाळी आबांना फोन केला. "पुढची काठी मोडली."

"मोडीनच."

"तुम्ही बोटं लावली होती. तेव्हाच का नाही बोललात?"

पलीकडून पंख्याची घरघर ऐकू येत होती. "तुले मी कवा आडवलं?" ते म्हणाले. "तू जयगावले गेला, बँकेत गेला, तिकडं गेला. तुही मायबी म्हने, थांबवा त्याले. म्या म्हनलं, दोन बोटं जागा राहू दे. पोरगं हाय."

स्टेशनवर मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं, हे तेव्हा आठवलं.

"तू मले तिकीट काढलं," ते पुढे म्हणाले, "त्यात बोट शिरत नव्हतं, भो."

मी म्हणालो, "चुकलं, आबा."

"शेरी," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी तिकिटं काढतो, पण माझी एकट्याची. एप्रिलात आणि दिवाळीत. ते येत नाहीत आणि मी विचारतो. आता आधी विचारतो. गावचं की इथलं, यातलं घर कोणतं, असं लोक विचारतात. समारंभात तर फारच. मला एवढंच ठाऊक आहे की माझ्या बैठकीतल्या गलबताच्या दोन डोलकाठ्या असोद्याच्या उन्हात बांधल्या गेल्या आणि इथल्या ओलीत सरळ उभ्या आहेत.

पुढची डोलकाठी मी नवी बसवली आहे. तिला अजून एकही दोर नाही. पाहुणे विचारतात, हे कधी पुरं होणार? एप्रिलात, असं मी सांगतो. आबा सूत वळून ठेवणार आहेत. मलाही गाठी मारता येतात, पण किती सैल सोडायचं ते त्यांच्या समोर बसल्याशिवाय मला अजून कळत नाही.